पाटावरचा हत्ती, पडद्यावरचा लांडगा

रविवारी सकाळी म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधून दूध घेऊन परतताना ते शीर्षकगीत अख्खं ऐकता यायचं. एका खिडकीशी सुटलेली ओळ पुढच्या खिडकीशी सापडायची आणि फाटकापाशी पोचेपर्यंत गाणं संपत आलेलं असायचं. तो १९९३-९४ चा सुमार. काही गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, पण बहुतेक घरांत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच होतं, आणि रविवारची सकाळ ‘जंगलबुक’ या कार्टूनमालिकेतल्या मोगलीची होती.

गाणं हिंदी होतं. ते म्हणणारी मुलं घरात कन्नड, तमिळ, तेलुगू, दख्खनी उर्दू बोलायची. आमच्या घरात मराठी, कारण वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो होतो. शाळेच्या मैदानात मात्र सगळ्यांचं बालू, बघीरा आणि शेरखान एकच. लंगोटीतल्या त्या पोराची गोष्ट मुळात इंग्रजी पुस्तकातली आहे आणि त्याची चित्रं जपानमध्ये काढली गेली आहेत, यातलं काही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी फरक पडला नसता. मोगली आमचा होता.

हे सारं वर येण्याला निमित्त आहे. ती मालिका बनवणाऱ्या निप्पॉन ॲनिमेशन या जपानी स्टुडिओला २०२५ सालच्या जूनमध्ये पन्नास वर्षं पूर्ण झाली. आणि २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ साली याच तारखेला एमिल रेनो या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या एका संग्रहालयात हाताने रंगवलेली हलती चित्रं पहिल्यांदा लोकांसमोर दाखवली. त्याच १८९२ साली म्हैसुरात चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय सुरू झालं. पडद्यावर मोगली पाहायचा आणि जेवण झालं की त्याचे सगेसोयरे बघायला प्राणिसंग्रहालयात जायचं, असे आमचे कितीतरी रविवार गेले. या दोन गोष्टी एकाच वर्षी जन्मल्या हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

चाळिशीत आलेली माणसं बालपणीच्या कार्टूनबद्दल बोलू लागली की त्यांच्या डोळ्यांत एक ओलावा येतो. त्याला लाडिक, बालिश म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला ते पटत नाही. माणूस ज्या गोष्टीसाठी हळवा होतो, तिथे त्याला काहीतरी खरोखर मिळालेलं असतं. काय मिळालं होतं आणि ते कुणी दिलं होतं, हे एकदा नीट पाहायला हवं.

चित्रं निप्पॉन ॲनिमेशनची. १९७५ मध्ये उभा राहिलेला हा स्टुडिओ पुस्तकांवरून मालिका करण्यासाठी ओळखला जायचा. जगातली गाजलेली बालपुस्तकं घ्यायची आणि वर्षभर, आठवड्याला एक भाग, अशा संथ लयीत ती सांगायची. पुढे जगप्रसिद्ध झालेले इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी सत्तरच्या दशकात इथे काम करत होते. आईच्या शोधात निघालेल्या मार्कोची आणि ॲन नावाच्या अनाथ मुलीची गोष्ट ताकाहातांनी इथेच दिग्दर्शित केली. मोगलीची मालिका त्याच घराण्यातली. फुमिओ कुरोकावा दिग्दर्शक, ५२ भाग, जपानमध्ये ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात दाखवली गेली. आपल्याकडे ती तीनेक वर्षांनी आली.

दूरचित्रवाणीसाठी चित्र हलवणं हे काटकसरीचं काम आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळं चित्र काढायचं म्हटलं तर आठवड्याला एक भाग कुणालाही पुरा करता येणार नाही. म्हणून एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं लागतात. पारदर्शक तावावर पुढून रेषा, मागून रंग. खाली जंगलाचं एकच लांब रंगवलेलं चित्र, ते सरकवत राहायचं. लांडग्यांचा कळप धावताना एकदा काढला की तो पुन्हा पुन्हा धावतो. अमेरिकेत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९५७ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला तेव्हा हीच वाट धरली होती. टॉम आणि जेरीसाठी सात ऑस्कर मिळालेल्या या दोघांनी योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय अडकवला, तो धड तसंच ठेवून नुसतं डोकं बदलता यावं म्हणून. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि ही सगळी मंडळी आपल्या घरांत दिवसभर वावरू लागली. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असलेल्यांच्या आठवणीत मोगलीच्या जागी तीच असतात.

या काटकसरीतून एक मोठी सोय मात्र झाली. अशा चित्रांत बोलणाऱ्याचं तोंड मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं, एवढ्याच अवस्थांत हलतं. ते जपानी बोलतंय की हिंदी की मराठी, हे ओठांवरून ओळखू येत नाही. जगातली कुठलीही भाषा त्या तोंडात शोभून दिसते. कार्टूनच्या पात्राला जन्मभाषा नसते. जो त्याला मायेने आवाज देईल, त्याच्या घरचं ते होतं.

मोगलीला तशी माया मिळाली. दूरदर्शनवर जपानी शीर्षकगीत आलं नाही, इथलं नवं गीत आलं. ते गुलजारांनी लिहिलं, तेव्हा फारसं नाव नसलेल्या विशाल भारद्वाजांनी त्याला चाल दिली. एका परदेशी कार्टूनच्या तोंडावर लावायच्या दीड मिनिटासाठी देशातल्या एवढ्या मोठ्या कवीला विचारावंसं कुणाला तरी वाटलं आणि कवीनेही ते काम कमी लेखलं नाही, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. शेरखानचा आवाज होता नाना पाटेकरांचा. मुरूड-जंजिऱ्याकडचा तो खर्ज ऐकून म्हैसूरच्या घरात माझी धाकटी बहीण उशीमागे लपायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अगं, तो आपला नाना आहे, घाबरतेस काय!” परक्या गावात ‘आपला’ हा शब्द टीव्हीतल्या वाघाला लागू पडतो, याचं तेव्हा नवल वाटलं होतं. २०१६ साली हॉलिवूडचा नवा जंगलबुक हिंदीत आला तेव्हाही शेरखानसाठी नानांनाच बोलावलं गेलं.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा परिसर या गोष्टीत पुन्हा पुन्हा डोकावतो. ‘जंगलबुक’ लिहिणाऱ्या रडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये तिथलाच. त्याचे वडील त्या शाळेत शिकवत. शेरखानला आवाज देणारे नाना त्याच परिसरात उपयोजित कला शिकले. आणि म्हैसूरचा एक मुलगा तिथे शिकायला निघाला, त्याला प्रवेश नाकारला गेला. तो मुलगा म्हणजे आर. के. लक्ष्मण. २४ ऑक्टोबर १९२१ ला म्हैसुरात जन्मलेल्या लक्ष्मणांनी मग महाराजा कॉलेजातून पदवी घेतली, मुंबई गाठली आणि पुढची सारी वर्षं आपल्या सकाळच्या चहाला ‘कॉमन मॅन’ची सोबत दिली. शेवटी ते पुण्याचे झाले, २०१५ मध्ये तिथेच गेले. थोरल्या भावाच्या, आर. के. नारायण यांच्या मालगुडीला त्यांनी रेषा दिली आणि १९८६ च्या दूरदर्शन मालिकेत तीच चित्रं नावांसोबत पडद्यावर आली. ती मालिका माणसांनी केलेली, कार्टून नव्हे; तरी माझ्या पिढीच्या मनात मालगुडीतला स्वामी आणि मोगली शेजारी बसतात. एक शाळेतून पळू पाहणारा, दुसरा ज्याला शाळाच नव्हती असा.

किपलिंगने ‘जंगलबुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध केलं, लिहिलं अमेरिकेतल्या थंडीत. त्याच्या साम्राज्यवादी विचारांची चिकित्सा व्हायलाच हवी, ती झालीही आहे. पण त्याच्या गोष्टीची भूमी विदर्भाच्या वाचकाला नकाशा न उघडता सांगता येते. मोगली लहानाचा मोठा होतो ते शिवनीचं रान. त्याची नदी वैनगंगा, तीच पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते. पेंचचं जंगल नागपूरहून दोनअडीच तासांवर आहे. आपल्या अंगणातली गोष्ट इंग्रजीतून टोकियोत गेली आणि तिथून रंगीत होऊन परत आली.

त्या गोष्टीने आमच्या मनातली एक मोडतोड दुरुस्त केली. मराठी मुलाला लांडगा पहिल्यांदा भेटतो तो ‘लांडगा आला रे आला’ या आरोळीतून. मेंढरं खाणारा, खोटं बोलणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून येणारा. मोगलीच्या घरात लांडगी आई होती. ती पिलांना चाटायची तशी त्यालाही चाटायची आणि शेरखान दारात उभा राहिला तर दात विचकून आडवी यायची. लांडगा शब्दाला मायेचा अर्थ चिकटला तो तिथे. पुढे कळलं की म्हैसूरपासून तासदीड तासाच्या अंतरावर मेलुकोटेला १९७४ पासून अभयारण्य आहे आणि ते लांडग्यांसाठी राखलेलं आहे. सोलापूर, पुण्याच्या माळांवरही लांडगे आहेत आणि धनगरांचं त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं, भांडणाचं तरी ओळखीचं नातं आहे. त्या माळांवर प्लॉट पडू लागले की जीव तुटतो. तो तुटण्यामागे बालपणीचा रविवार आहे, हे कबूल करायला मला काहीच संकोच नाही.

पण म्हैसूरचं मोगलीशी असलेलं सर्वांत जवळचं नातं आम्हा म्हैसूरच्या मुलांना कुणीच सांगितलं नाही. ते कळायला मला तिशी ओलांडावी लागली.

‘जंगलबुक’मध्येच हत्तींच्या तुमाईची गोष्ट आहे, माहुताच्या पोराची. रॉबर्ट फ्लाहर्टी हा माहितीपटांचा मोठा दिग्दर्शक १९३५ मध्ये त्या गोष्टीवर चित्रपट करायला म्हैसूर संस्थानात आला. हत्ती महाराजांचे, जंगल इथलं; तुमाई कोण होणार हा प्रश्न होता. मिळाला तो राजाच्या हत्तीखान्यातल्या एका माहुताचा पोरका मुलगा, साबू. कबिनी नदीकाठच्या कारापूरला १९२४ मध्ये जन्मलेला. वडील गेल्यावर हत्तींच्याच आधाराने वाढत होता. कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हत्तीवर कसं बसायचं हे शिकवायची गरज नव्हती. ‘एलिफंट बॉय’ १९३७ मध्ये आला, फ्लाहर्टी आणि झोल्टन कोर्डा यांना त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, आणि बारातेरा वर्षांचा साबू लंडनला नेला गेला.

तिथून तो हॉलिवूडला गेला. १९४२ मध्ये कोर्डानेच ‘जंगलबुक’ पडद्यावर आणलं आणि मोगली झाला साबू. डिस्नेचा १९६७ चा कार्टूनपट तेव्हा पंचवीस वर्षं दूर होता, जपानी मालिका जवळजवळ पन्नास. जगाने पडद्यावर पाहिलेला मोगली म्हैसूरचा होता! कॅलिफोर्नियात उभारलेल्या खोट्या जंगलात तो खऱ्या जंगलातून आलेला एकटाच. १९४४ मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीकडचा तोफची म्हणून लढला. युद्धानंतर त्याला मिळालेल्या भूमिका पुन्हा पगडी, हत्ती, जंगल याच होत्या. मोठा झालेल्या मोगलीचं काय करायचं हे त्या धंद्याला कधी समजलं नाही. २ डिसेंबर १९६३ ला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला.

ज्या रानातून तो आला त्याचंही रूप बदललं. काकनकोटेला खेड्डा व्हायचा. रानहत्तींचे कळप हाकारून नदीपार कुंपणात कोंडायचे. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला आणि नंतर कबिनी धरणाच्या पाण्याने ती जागा पोटात घेतली. आज कारापूरच्या काठावर पर्यटक नावेतून हत्ती पाहतात. त्या पाण्याखाली एका मुलाचं बालपण आहे, हे नावाड्याने त्यांना सांगावं असं मला फार वाटतं. म्हैसूरच्या शाळांतल्या मुलांना साबूचं नाव माहीत असावं. प्राणिसंग्रहालयाच्या दारात, दसऱ्याच्या हत्तींच्या तळाशी, कुठे तरी त्याचं चित्र असावं. कार्टूनमधला मोगली ज्याच्या देहबोलीचा वारसदार आहे, तो मुलगा या गावचा आहे.

आता भाषेकडे येतो, कारण माझं खरं बोलणं तिथे आहे.

म्हैसूर हे भारतीय प्रसारणाला नाव देणारं गाव. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून एक छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं. देशाने ते पुढे उचललं. स्वतःच्या भाषेतल्या आवाजाचा एवढा मान ठेवणाऱ्या गावात साठ वर्षांनंतर मुलं मोगली पाहत होती ती हिंदीत. शेजारच्या घरातली आजी फक्त कन्नड जाणायची. तिचा नातू शेजारी बसून तिला प्रत्येक वाक्य समजावून सांगायचा आणि त्यात पुढचं वाक्य त्याचं हुकायचं. पुढच्या रविवारी तो सांगायचा कंटाळा करायचा. काही आठवड्यांनी आजी उठून आत जाऊ लागली. गोष्ट सांगणं हे जिचं काम, तिलाच गोष्टीबाहेर बसावं लागलं.

कर्नाटकात साठच्या दशकात परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करण्याविरुद्ध मोठी चळवळ झाली. त्यामागची काळजी खरी होती. लहान चित्रपटसृष्टी, स्वतःच्या कलावंतांना काम मिळावं, भाषेत स्वतःच्या कथा निर्माण व्हाव्यात. त्यातून कन्नड चित्रपट उभा राहिला हेही खरं. कायदा कुठलाच नव्हता, पण डबिंग बंदच राहिलं. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अशा अडवणुकीविरुद्ध निर्णय दिला तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. या पन्नासेक वर्षांत मुलांचा विचार कुणी केला नाही, याचं मला दुःख आहे. मोठ्यांच्या चित्रपटाला तोडीस तोड चित्रपट काढता येतो. बावन्न भागांच्या कार्टूनला तोडीस तोड कार्टून एका राज्याला तेव्हा काढता येणं शक्य नव्हतं. म्हणजे कन्नड मुलापुढे निवड कन्नड कार्टून की डब केलेलं कार्टून अशी नव्हतीच. हिंदी किंवा इंग्रजी, एवढीच होती. २००९ मध्ये मुलांसाठी चिंटू टीव्ही ही कन्नड वाहिनी आली तोवर माझी पिढी नोकरीला लागली होती.

मराठीत तर अशी बंदी कधी नव्हती. तरीही मराठी मूल हिंदीतच कार्टून पाहत वाढलं, कारण ‘त्यांना हिंदी कळतंच’ असं आपणच ठरवून टाकलं. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू वर्तमानपत्रात अवतरला आणि मराठीत खोड्या काढणारं चित्रातलं पोर घरोघरी आलं. पण ते कागदावर. पडद्यावरच्या पोराने मराठीत हट्ट केलेला आम्ही ऐकला नाही. त्याचा परिणाम मी माझ्या बहिणीत पाहिला. ती बाहुल्यांशी खेळताना हिंदीत बोलायची. रागावायची मराठीत, पण साहसं करायची हिंदीत. उडायचं, लढायचं, जंगलात हरवायचं असलं की भाषा बदलायची. मराठी जेवायला बोलावण्यापुरती उरायची. आज मुंबई-पुण्यातली मुलं खेळताना इंग्रजीत साहसं करतात, याचं आश्चर्य आपल्याला वाटू नये.

मोगली हिंदीत होता म्हणून तो आम्हाला कमी मिळाला, असं मी म्हणत नाही. उलट त्या हिंदीमुळेच सरस्वतीपुरमची अर्धा डझन भाषांची मुलं एक गाणं म्हणू शकली, आणि ते सुखही मोठं होतं. माझं म्हणणं एवढंच की गुलजारांनी आणि नानांनी हिंदीसाठी जे केलं ते कुणी मराठीसाठी केलं असतं, कुणी कन्नडसाठी केलं असतं, तर त्या तोंडात आमच्याही भाषा शोभल्या असत्या. चित्र तयार होतं. ओठ उघडझाप करत होते. आवाज द्यायचा राहिला.

हे जमत नाही असं नाही. विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या बाईंनी १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ हा सातेक मिनिटांचा कार्टूनपट केला. चित्रं हलवली भीमसेन यांनी. तो पाहिलेली माणसं पन्नाशीतही चिमण्या आणि जाळं आठवून हसतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९१५ च्या सुमाराला दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला. मराठी माणसाचा हात या कलेला फार लवकर लागला आहे. आज मुलांच्या काही वाहिन्यांवर मराठी आवाज निवडता येतो, ही चांगली सुरुवात आहे. पण ते मराठी पुष्कळदा हिंदी वाक्यावर मराठी शब्द बसवल्यासारखं वाटतं. गुलजारांसारखं करायचं तर कवी बोलवावा लागेल. मुलांसाठी लिहिणारी आजची चांगली माणसं, ज्यांच्या कानात बालगीताची लय आहे अशी, या कामाला लावावी लागतील, आणि त्यांना त्या कामाचे योग्य पैसे द्यावे लागतील.

आणि जे झालं आहे ते जपावं लागेल. ज्या रेनोच्या नावाने ॲनिमेशन दिन पाळला जातो, त्याने आयुष्याच्या अखेरीस, धंदा बुडाल्यावर, आपल्या हाताने रंगवलेल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. सिनेमा आला होता आणि त्याची चित्रं कुणाला नको झाली होती. एप्रिल २०२० मध्ये सगळा देश घरात बसला असताना दूरदर्शनने मोगली पुन्हा दाखवायला सुरुवात केली, रोज दुपारी एक वाजता. माझ्या मुलीने तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चित्र धूसर होतं, रंग विटलेले. ती म्हणाली, “बाबा, हे जुनं आहे ना?” आणि शेरखानचा आवाज आला तशी माझ्या जवळ सरकली. त्या आवाजाचं वय झालं नव्हतं. शेवटी झरझर सरकून गेलेल्या नावांत मी आवाज देणाऱ्यांची नावं शोधत होतो. गुलजार, विशाल, नाना ही नावं साऱ्यांना माहीत आहेत. लांडगीला, बालूला, त्या धडपड्या पिलांना ज्यांनी बोलतं केलं, मूळ जपानी संवाद ज्यांनी हिंदीत लिहिले, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत रात्र काढून जपानी तोंडाशी हिंदी मात्रा जुळवल्या, त्या प्रत्येकाचं नाव एका ठिकाणी नोंदवलं जावं. त्यांतले जे आपल्यात आहेत त्यांच्याशी बोलून घ्यावं. प्रसारभारतीने हे काम स्वतःचं मानावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

२०२५ च्या दसऱ्याला मी म्हैसूरला गेलो होतो. आई-वडील होते तेव्हा नवरात्रात आमच्या ओसरीवर पाट मांडला जायचा, त्यावर आई हत्ती काढायची आणि गल्लीतल्या कन्नड मुलींना घेऊन बहीण भोंडला खेळायची. शेजाऱ्यांकडे गोंबे हब्ब. पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, सर्वांत वर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडाचे राजा-राणी. आमच्याकडे खिरापत, त्यांच्याकडे वाटीत उसळी. रस्त्यावर खरा हत्ती सोन्याची अंबारी घेऊन चाललेला, ओसरीवर पाटावरचा. पाटावरचा हत्ती जागचा हलत नाही, मुली त्याच्याभोवती फिरतात. टीव्हीसमोर मुलं बसून राहतात आणि चित्र फिरतं. लहानपणी या दोन्ही गोष्टी मला एकाच खेळाच्या दोन बाजू वाटायच्या.

शेजारचं घर अजून तिथेच आहे. ती आजी नाही. तेव्हाची सून आता आजी झाली आहे. गोंबेंच्या सर्वांत खालच्या पायरीपुढे ताटात नाचणी पेरून उगवलेलं हिरवं रान होतं, त्यात चन्नपट्टणचे लाकडी हरीण, वाघ, हत्ती. त्यांच्यामध्ये मातीचा एक लांडगा आणि त्याच्या पाठीवर लाल लंगोटीतलं पोर, मुलांनी घरीच केलेलं, एक कान थोडा चपटा झालेला. आजींनी उसळीची वाटी माझ्या हातात दिली आणि वाकून पाहत नातीला विचारलं, “इवनु यारु?” हा कोण?

नात सात वर्षांची असेल. तिने मोगली कुठे, कुठल्या भाषेत पाहिला मला माहीत नाही. ती पायरीपुढे मांडी घालून बसली, लांडग्याचा चपटा कान बोटाने सरळ केला आणि सुरुवातीपासून सांगू लागली, कन्नडमध्ये. आजी उसळीचं पातेलं खाली ठेवून तिच्याशेजारी बसल्या.